पंख जोडायला पाच मिनिटांचं इपॉक्सी की तीसचं?

सांगलीच्या एका पोरानं विचारलंय, बाल्साचं (हलक्या लाकडाचं) एआरएफ, म्हणजे जवळजवळ तयार, फक्त जोडायचं राहिलेलं रिमोटचं मॉडेल विमान आणलंय, पंखांचे दोन भाग कशानं चिकटवू. इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, पाच-तीस ही तो घट्ट व्हायला लागायची मिनिटं. किमतीत फार फरक नाही रे, खरा प्रश्न वेळेचा. पाचवालं आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाच मिनिटंही थांबत नाही, जॉइनर (दोन्ही पंखांना जोडणारी आतली पट्टी) सरकवून दोन्ही बाजू सरळ बघून टेप लावेपर्यंत ते घट्ट व्हायला लागतं. तीसवालं लाकडात नीट मुरतं, पकड जास्त, बाहेर आलेलं स्पिरिटनं पुसता येतं, फक्त रात्रभर हलवायचं नाही. शेपटीलाही तेच वापर, काटकोन बघायला वेळ मिळतो, पण सांध्याखालची फिल्म (लाकडावरचं प्लास्टिकचं पातळ आवरण) आधी काढ आणि ब्लेड लाकडाला अजिबात लागू देऊ नको, नाहीतर शेपूट तिथंच मोडते. मैदानावरची किरकोळ दुरुस्ती असेल तर मात्र पाचवालंच बरं.