संगीत विद्यालयासाठी जागा: भाड्याचा गाळा की शाळेचे वर्ग?

सात सह्या जमल्या, संस्था नोंदवून झाली, की ठाण्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींपुढे एकच विषय उरतो: शिकवायचं कुठे? परवडणाऱ्या फीत वस्तीतल्या मुलामाणसांना शिकवायचं असेल तर हाताशी दोनच पर्याय येतात. नौपाडा-पाचपाखाडीकडे अकरा महिन्यांच्या करारावर एखादा गाळा, किंवा शनिवार-रविवार रिकामे असणारे शाळेचे वर्ग. सोसायटीचा हॉल मी धरतच नाही. आज बारसं, उद्या वार्षिक सभा, आणि कमिटी बदलली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. बाकी दोन्ही ठिकाणी आम्ही विद्यालय चालवलं आहे. मोजमाप काही केलेलं नाही, दिसलं तेवढं सांगतो.

गाळ्याची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. किल्ली आपली. सतरंजी अंथरलेलीच. तानपुऱ्यांची जोडी कोपऱ्यात कायमची, जवारी (तारांना झंकार देणारी घोडीची घडण) एकदा नीट लावून घेतली की रोज फक्त जरा कान द्यायचा. पावसाळ्यात तबल्याची पुडी ओल धरते, चढवलेला सूर तास संपेपर्यंत उतरतो, पेटीची एखादी पट्टी दाबली की दाबलेलीच राहते. गाळ्यात निदान कपाट कोरडं ठेवता येतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. त्याआधी जादा तास घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय दारावर पाटी असते. पालकांना पाटीचा फार आधार वाटतो.

मग भाडं. त्याचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात: दर नव्या कराराला ते वाढतं, मागोमाग फी वाढते, आणि ज्यांच्यासाठी विद्यालय काढलं तीच मुलं आधी गळतात. थोरामोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ते लोकाश्रयावर चालवून दाखवलं. पुढे मुंबईच्या इमारतीचं कर्ज मात्र फिटेना, आणि १९२४ मध्ये तिथलं विद्यालय बंद पडलं. १९३१ साली शिष्यांनी, आज परीक्षा घेतं तेच, मंडळ स्थापून काम पुढे नेलं. तरीही, देणगीदार पाठीशी असेल तर भाड्याचा प्रश्न सुटू शकतो. गाळा सोडायचा आमचा निर्णय भाड्यामुळे झाला नाही.

तो झाला तबल्याच्या यंत्रामुळे. गाळा म्हणजे एक खोली. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं तरी डग्ग्याचा घुमारा त्याला जुमानत नाही, तेव्हा तबला आणि गाणं एका वेळी चालूच शकत नाही. म्हणून दुपारी तबला, संध्याकाळी गाणं. दुपारची मुलं मोबाईलवर लेहरा (तालाच्या मापाची, फिरून फिरून येणारी धून) लावून तीनताल वाजवायची आणि घरी जायची. त्याच सतरंजीवर संध्याकाळी गाणाऱ्या मुली बसायच्या आणि इलेक्ट्रॉनिक तबल्याचं बटण दाबायच्या. खोलीत चार तबले झाकून ठेवलेले, आणि ठेका यंत्राचा! हे मला दर संध्याकाळी टोचायचं. यंत्र लय सोडत नाही, पण कुणी समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, चुकलं तर सावरूनही घेत नाही. आमच्याकडे मंडळाची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा झालेला तबल्याचा एक मुलगा होता. कायदा, पलटे, तिहाई सगळं स्वच्छ वाजायचं, पण समोर माणूस गायला बसला की बिचारा गांगरायचा. गुरुपौर्णिमेच्या तालमीपर्यंत तबल्याच्या आणि गाण्याच्या मुलांना एकमेकांची नावंही माहीत नसायची. ‘विद्यालय’ म्हणून जी पाटी लावली होती तिच्यामागे प्रत्यक्षात एका खोलीत पाळीपाळीने चालणाऱ्या दोन शिकवण्या होत्या.

आता शाळेचे वर्ग. कटकट भरपूर आहे, लपवत नाही. आल्यावर बाकं सरकवायची, जाताना जशीच्या तशी लावायची. एक बाक वाकडं राहिलं तरी सोमवारी फोन येतो. दहावीच्या परीक्षेचं केंद्र असेल तर बाकांवर आसनक्रमांक टाकलेले असतात, त्या दिवसांत वर्गात पाऊलही टाकायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच एप्रिलच्या परीक्षांची तयारी जोरात असते. वाद्यांना मिळतं एक लोखंडी कपाट. तानपुरे तिथे ठेवायची माझी तरी छाती नाही, भोपळ्याला एक धक्का पुरे. त्यामुळे रोजच्या वर्गाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, खरा फक्त खास दिवशी, रिक्षात मांडीवर आडवा धरून. गवयांना हे खटकतं आणि त्यांचं बरोबर आहे. सूर यंत्राचा चालतो आणि ठेका नाही, हा माझा न्याय तबलजीचा आहे, असं आमच्या गाणाऱ्या बाई म्हणतात.

पण तिथे खोल्या चार मिळतात, त्याही एकाच वेळी. शेवटचा अर्धा तास तबल्याची मुलं दोघं-दोघं करून गाण्याच्या वर्गात जातात. निवृत्त झाल्यावर अभंग शिकायला आलेल्या एक काकू आहेत. त्यांच्यासमोर सहावीतला मुलगा भजनी ठेका धरून बसतो. “बाळा, लय पळतेय तुझी,” त्या म्हणतात. “काकू, तुम्ही मागे पडताय,” तो म्हणतो. बहुतेक वेळा दोघंही थोडे बरोबर असतात. परीक्षेच्या गुणांत यामुळे किती फरक पडला, सांगता येणार नाही. गांगरणारा तो मुलगा मात्र आता बंदिश ऐकत ऐकत वाजवतो.

तुमच्याकडे फक्त गाणं असेल, किंवा रोज संध्याकाळी शिकवायचंच असेल, तर गाळा कदाचित सोयीचा पडेल. शाळा सहसा सुट्टीच्याच दिवशी मिळते. दोन-तीन विषय एकत्र चालवायचे असतील तर आधी आसपासच्या मराठी शाळांत विचारून पाहा, पट कमी झाल्याने बऱ्याच ठिकाणी वर्ग रिकामे असतात. बोलणी मुख्याध्यापकांशी करा, पण पत्र संस्थेकडून घ्या, कारण मुख्याध्यापक बदलतात. तबल्याला तळमजल्यावरचा वर्ग मागा आणि गाण्याला मजल्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. शिपाईमामांचे रविवारचे पैसे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.