बिट्सची कापलेली यादी: बंदी की किमान अट?

जळगावात आमच्या नेटवर्कच्या कामात हा वाद दोनदा रंगला. एमआयबी म्हणजे नेटवर्क उपकरणाकडून वाचता-लिहिता येणाऱ्या माहितीची व्याख्या; तिच्या अनुपालन विधानात (उपकरणाने काय पाळायचं ते सांगणाऱ्या भागात) बिट्स प्रकारच्या, म्हणजे नाव दिलेल्या चालू-बंद खुणांच्या, मूल्याचा सिंटॅक्स (चालणाऱ्या मूल्यांची यादी) कापून मूळच्या तीन बिटांपैकी फक्त बिट ० आणि १ ठेवलेत. मग बिट २ चं काय?

एक वाचन असं: जे कापलं ते बंद. चाचणी लिहिणाऱ्याला हे सोपं पडतं. स्विचकडून १११०००००, म्हणजे बिट ०, १ आणि २ तिन्ही चालू, असं आलं की नापास. (बिट ० सर्वांत डावीकडचा असतो, हे विसरलात तर सगळंच उलटं वाचाल.)

दुसरं वाचन: जे ठेवलं ते द्यायलाच हवं, उरलेलं ऐच्छिक. मला हेच पटतं. १९९९ च्या आरएफसी २५८० या इंटरनेट मानकाप्रमाणे मॉड्यूल-कम्प्लायन्स, म्हणजे हेच अनुपालन विधान, किमान अपेक्षा सांगतं. उपकरण त्याहून जास्त देत असेल, तर त्यात त्याचा काय दोष? प्रत्यक्ष काय दिलंय, ते सांगायचं काम एजंट-कॅपॅबिलिटीज या दुसऱ्या विधानाचं. तिथल्या यादीबाहेरचा बिट उपकरणाकडून आला, तर मात्र ते विधानच चुकीचं.

सूट फक्त लिहिण्यापुरती हवी असेल, तर अनुपालन विधानात राइट-सिंटॅक्स (फक्त लिहिताना चालणाऱ्या मूल्यांची यादी) वेगळा द्या. धुळ्याच्या आमच्या सहकाऱ्याने तेच केलं: वाचताना तिन्ही बिट, लिहिताना दोनच.