पिक्सी२ की पायवर ओपनसीव्ही? चेंडू हरवतो तेव्हाचा हिशोब

लाल चेंडूमागे पळणारा रोबो करायचा ठरला की ज्युनियर मंडळींचा प्रश्न ठरलेला: पिक्सी२ (रंग स्वतःच ओळखणारा छोटा कॅमेरा) लावू, की रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर ओपनसीव्ही (चित्र तपासणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) चालवू? मी दोन्ही लावून पाहिलंय आणि काम दोन्हींनी होतं. टेबलावर डेमो दाखवायचा असेल तर पिक्सीला तोड नाही. बटण दाबून धरायचं, हव्या त्या सिग्नेचरचा (शिकवलेला रंग साठवायच्या खात्याचा) रंग एलईडीवर आला की सोडायचं, चेंडू समोर धरायचा, पुन्हा दाबायचं. झालं! लॅपटॉपही नको. आर्डुइनोच्या (रोबो चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) हातात चेंडूचा थेट एक्स, वाय, रुंदी, उंची पडते, तीही सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने. पायचे नखरे जास्त. आधी तो बूट होणार, मग आपला प्रोग्राम उठणार. मोटर अचानक उलटी फिरवली आणि व्होल्टेज पडलं, की परत पहिल्यापासून. त्याला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट) द्याच.

तरीही माझा कल पायकडे आहे, कारण खरं दुखणं रोबो जमिनीवर उतरल्यावर सुरू होतं.

पिक्सीला नेमकं काय दिसतंय ते बघायला पिक्सीमॉन हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर लागतं आणि त्यासाठी यूएसबी केबल. मग वरात निघते: पुढे रोबो, मागे केबल, आणि उघडा लॅपटॉप हातावर धरून कमरेत वाकून चालणारा एक मुलगा. त्याची सावली चेंडूवर पडली की रंग बदलतो, म्हणजे तपासणीच तपासणी बिघडवते. केबल काढली की हाती उरतात नुसते आकडे. ब्लॉक (ओळखलेले रंगाचे तुकडे) शून्य! का शून्य, ते कोण सांगणार? खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि चेंडूचा माथा पांढरा पडला, की चेंडू मुळात फ्रेमबाहेर गेला? अंदाजाने सिग्नेचरची रेंज वाढवावी, तर रोबो कोपऱ्यातल्या लाल खुर्चीच्या प्रेमात पडतो. या अंदाजपंचे प्रकारानेच मला पिक्सी सोडायला लावला.

पायवर मास्क (लाल तेवढं पांढरं, बाकी काळं असं चित्र) वाय-फायवरून बघता येतो. त्याहून बरं म्हणजे मधूनमधून मूळ फ्रेम आणि मास्क दोन्ही कार्डावर साठवायचे आणि रोबो फिरून आल्यावर निवांत बघायचे. चेंडू वीतभर अंतरावर आला की आमचा रोबो नेमका तोंड फिरवायचा. साठवलेल्या फ्रेममध्ये कारण उघड दिसलं. चेंडूने फ्रेम भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) तो लाल रंग ‘सुधारायला’ जायचा. लाल फिका, मास्क कडेने खात खात गायब. ऑटो बंद करून कलर गेन (रंगांचं प्रमाण) आणि एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) कायमचे ठरवून दिले, दुखणं गेलं. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तिचे आडवे पट्टे मग त्रास देत नाहीत.

पिक्सीमध्येही ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करता येतो, हे सांगायला हवं. पण चोर तोच आहे हे आधी कळलं पाहिजे ना!

लाल रंगाची एक कटकट मात्र पायच्याच गळ्यात. ओपनसीव्हीत ह्यू (रंगछटेचा आकडा) ० ते १७९ आणि लाल दोन्ही टोकांना विभागलेला, म्हणून दोन मास्क काढून जोडावे लागतात. एकदा लिहिलं की विसरून जाता येतं.

स्पर्धा पुढच्या आठवड्यात असेल, किंवा टीममध्ये पायथन कुणालाच येत नसेल, तर पिक्सी घ्या, मी अडवणार नाही. हाताशी महिनाभर असेल तर पाय घ्या, आणि ट्यूबलाइटखालचे व दुपारच्या उन्हातले, दोन्ही फ्रेम समोर ठेवूनच एचएसव्हीच्या (ह्यू, रंगाचा गडदपणा, उजळपणा) मर्यादा ठरवा.