वेचणीची ओटी बांधता येईना, म्हणून तालुक्याला गेले

तालुक्याच्या या फिजिओथेरपी (व्यायामानं सांधे मोकळे करायच्या) क्लिनिकला आखडलेल्या खांद्यासाठी चार तारे देते. पाचवा काऊन कापला ते पुढे सांगते.

वर्धा जिल्ह्यात आमची सहा एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. माझं वय ५३, शुगर आठ वर्षांपासून. मागच्या पोळ्यानंतर डावा खांदा दुखायला लागला. वाटलं, निंदणानं भरून आला असेल. रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जायचा. दिवाळीपर्यंत हात असा आखडला की वेचणीला कमरेला ओटी (वेचलेला कापूस टाकायची झोळी) बांधायची तर गाठ मारायला तो मागे जाईना. जाऊबाई बांधून द्यायच्या अन् वरून म्हणायच्या, "आता सोडाले बी मीच येऊ काय?"

कोणी म्हणे वात, कोणी म्हणे लचक. एकानं हात धरून जोरात ओढला, त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. मग एका ठिकाणी दहा दिवस करंटची मशीन लावून घेतली. पडून राहायचं, घंटी वाजली की उठायचं. खांद्याला कोणी हात लावून पाहिला नाही. पैसे गेले, खांदा होता तिथंच.

संक्रांतीनंतर या क्लिनिकात गेले. मॅडम म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकू, कोपर बरगडीला चिकटवा अन् हात दार उघडल्यासारखा बाहेर न्या." उजवा गेला, डावा हलेना. मग तिनं स्वतः हळूच नेऊन पाहिला, तरी तिथंच अडकला. एक्स-रे साफ होता. दुसऱ्यानं नेला तरी हात जात नाही, हीच फ्रोझन शोल्डरची खूण, म्हणाली. सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं, ते सुजून जाड होतं अन् आकसतं. सुती ब्लाऊज पहिल्या धुण्यात आटला की बाहीतून हात वर होत नाही, तसंच. चाळिशी ते साठीत होतं, बायांना जास्त, अन् शुगरवाल्यांना तर फारच.

तिनं खोटा दिलासा दिला नाही, हे मला पटलं. आधी दुखण्याचे महिने, मग आखडलेले, मग सैल होण्याचे. वर्ष-दोन वर्षं धरूनच चला, म्हणाली. दुखणं जास्त होतं म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुखणं उतरलं, पण काही दिवस शुगर चढली. चढेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही.

मग आठवड्यातून दोनदा जायची, एका वेळचे ३०० रुपये. आधी शेक, मग ती खांद्याचा सांधा हातानं थोडा थोडा सरकवायची. पण खरं काम घरी. तिनं विचारलं, "घरी काय काय आहे?" मी म्हटलं, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आहेत, विहिरीवर मोटार बसल्यापासून पडून असलेला रहाट आहे. झालं! रहाटाचं चाक ह्यांनी गोठ्याच्या आढ्याला टांगलं. खाली खुर्चीवर बसायचं, दोरीची दोन टोकं दोन हातांत, उजव्यानं खाली ओढलं की डावा आपोआप वर. म्हैस पहिले आठ दिवस माझ्याकडेच पाहत रवंथ करायची. तुराटी उताणं झोपून दोन्ही हातांत आडवी धरायची अन् उजव्या हातानं डाव्याला बाहेर ढकलायचं. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, हा व्यायाम कॉडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरचा. "फ्रोझन शोल्डर" हे नावही त्यानंच १९३४ साली दिलं म्हणे.

अन् भिंत. बोटांनी भिंतीवर चढत जायचं, जिथं थांबेल तिथं नातू पेन्सिलीनं रेघ मारून तारीख टाकायचा. पहिली रेघ स्विचबोर्डाच्या खाली. फेब्रुवारीत तीन आठवडे रेघ त्याच जागी, मी रडकुंडीला आले. मॅडम म्हणाली, "ताण येऊ द्या, पण रात्रभर ठणकलं तर उद्या कमी करा." आता पुन्हा वेचणी सुरू आहे अन् रेघ कॅलेंडरच्या खिळ्याला लागली. वेणी घालता येते. ओटीची गाठ मात्र पुढं मारून मागं सरकवते, मागचं अजून पुरतं आलं नाही.

आता कापलेला तारा. खाटा दोनच, सकाळी नंबर लागायला दीड तास. लाईन गेली की शेकही गेला. गुरुवारी मॅडम दुसऱ्या गावाला असते, पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही. माझ्या दोन गुरुवारच्या एसटीच्या चकरा फुकट गेल्या. फोन करूनच निघा.

बायांनी सैल बाह्यांचा ब्लाऊज घालून जा. पडदा आहे, पण पुरा ओढला जात नाही.