खेकड्याच्या तळ्यावर विद्यार्थी मायक्रोस्कोप : यीस्टचा रोग पकडायला किती कामाचा?

चीनमध्ये लिआओनिंग प्रांतातल्या पान्जिन भागात मिटन क्रॅब (नांग्यांवर दाट लव असलेला खेकडा) पाळतात. तिथे ‘दूधरोग’ म्हणून जो ओळखला जातो, तो मेश्निकोव्हिया बायकस्पिडाटा या यीस्टमुळे (एकपेशी बुरशीमुळे) होतो. सुरुवातीला खेकडा बाहेरून ठणठणीत दिसतो. मग खाणं कमी होतं, चाल मंदावते, पाय सहज गळतात. शेवटी मोडलेल्या पायातून निळसर पारदर्शक रक्ताऐवजी दुधासारखं पांढरं पाणी येतं आणि मांस आक्रसलेलं असतं. तोवर उशीर झालेला असतो. मेलेला खेकडा दुसऱ्याने खाल्ला की रोग पुढे जातो, आणि हे यीस्ट थंडीतही वाढतं, म्हणून हिवाळ्यात निर्धास्त राहू नये.

ही वेळ आधी गाठायची तर 10 पटीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आणि 40 पटीचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) असलेला साधा विद्यार्थी मायक्रोस्कोप पुरतो. फक्त आरशाचा घेऊ नका. एलईडी दिवा आणि कंडेन्सरखाली (उजेड एकवटणाऱ्या भिंगाखाली) उघडझाप करणारा पडदा, म्हणजे आयरिस डायफ्रॅम, हवाच. बिनरंगाची पेशी काचेवर जवळजवळ दिसत नाही. पडदा बराच मिटला की पेशीची कड उठून येते. नवखे लोक उजेड वाढवत बसतात आणि म्हणूनच त्यांना काही दिसत नाही.

मागच्या पायाच्या सांध्याची मऊ कातडी स्पिरिटने पुसा. इन्शुलिनच्या सिरिंजने 0.1 मिली रक्त काढा. निरोगी खेकड्याचं रक्त लगेच गोठायला लागतं, म्हणून थेंब ताबडतोब काचपट्टीवर घेऊन कव्हर स्लिप (पातळ काच) टाका. आधी 100 पट, मग 400 पट. खेकड्याच्या रक्तपेशी मोठ्या, आत दाणे असलेल्या. यीस्ट त्यांच्याहून बरंच लहान, लंबगोल, आणि एखाद्या पेशीला बाजूने कळी फुटलेली. कळी दिसली की शंका पक्की धरा. मेथिलीन ब्लू हा रंग दिल्यावर मेलेलं यीस्ट निळं पडतं, जिवंत तसंच राहतं.

इथेच या यंत्राची मर्यादा लागते. हेमॅटोडिनियम नावाच्या परजीवीनेही खेकड्याचं रक्त गढूळ, पांढुरकं होतं. त्याच्या पेशी यीस्टहून मोठ्या असतात आणि तशी कळी दिसत नाही, पण रोग कोवळा असताना अनुभवी डोळाही फसतो. शिवाय यीस्टची जात कळायला पीसीआर (प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी) लागतोच. आणि एकच थेंब स्वच्छ निघाला म्हणून तळं निरोगी ठरत नाही : एका तळ्यातले किमान 10 खेकडे पाहा, सुस्त असतील ते आधी.

औषधाच्या भरवशावर राहू नका, खात्रीचं औषध नाही. मेलेले आणि अर्धमेले खेकडे रोज उचलून चुन्यासोबत खोल पुरा, कालव्यात फेकू नका. खाद्य म्हणून कच्ची मासळी घालत असाल तर आधी उकळून घ्या.

कोकणात कांदळवनाच्या कडेला चिखली खेकडा पाळणाऱ्यांनी यंत्र घेताना आणखी एक बघावं. खारं पाणी स्टेजचे (काचपट्टी ठेवायच्या मंचाचे) स्क्रू गंजवतं, म्हणून काम झालं की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. पावसाळ्यात लेन्सवर बुरशीची जाळी धरते; सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसोबत) बंद डब्यात ठेवा आणि दाणे रंग बदलले की भाजून पुन्हा वापरा.