एएफ निघालंय: गोळ्यांवर राहायचं की ॲब्लेशन करून घ्यायचं?

आईची नाडी मी स्वतः धरून बघितली तेव्हा कळलं की अनियमित म्हणजे काय. दोन ठोके पाठोपाठ, मग नुसतीच रिकामी जागा, मग तीन घाईघाईत, मग एक इतका हलका की बोटाला लागला की नाही तेच कळेना. ठेका धरायला जावं तर सापडतच नाही. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे एएफ ते हेच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 च्या वर विजेचे इशारे सुटतात, कप्पे आकुंचन पावायच्या ऐवजी थरथरत राहतात आणि मधलं एव्ही नोड नावाचं केंद्र त्यातले जमतील तेवढेच खाली सोडतं, म्हणून नाडी अशी वेडीवाकडी.

आधी एक गोष्ट पक्की करा, की तुम्हाला एएफच आहे आणि ते कागदावर आलंय. धडधड तर कशानेही होते. आमच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, टेबलावर बोटाने वाजवून दाखवा कसं होतं ते, आणि तिने वाजवलं तेवढ्यावरच त्यांना अंदाज आला. एकदम चालू होऊन घड्याळासारखं एकसारखं पळणारं आणि एकदम बंद होणारं असेल तर ती बहुतेक एसव्हीटी असते, म्हणजे वेग वाढण्याचा एक वेगळा आजार, तिथे ॲब्लेशनने (शिरेतून वायर नेऊन हृदयातली गडबड करणारी जागा निकामी करणं) बऱ्याच जणांचा कायमचा निकाल लागतो, ती वेगळी गोष्ट, हे सगळं त्यांच्यासाठी नाही. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा असतो, त्या वेळी ताल बरोबर असला तर नॉर्मलच येणार. होल्टर म्हणजे अंगावर लावून घरी न्यायचं ईसीजीचं यंत्र, ते 24 ते 48 तासांचं. महिन्यातून एकदाच त्रास होत असेल तर होल्टरमध्ये काही सापडलं नाही म्हणून गप्प बसू नका, 14 दिवसांचा पॅच लावता येतो, नाहीतर कातडीखाली ताल टिपणारा छोटा लूप रेकॉर्डर बसवतात, तो काही वर्षं चालतो. स्मार्टवॉचने अलर्ट दिला तर तो ग्राफ सेव्ह करून डॉक्टरांना दाखवा, नुसतं "घड्याळ म्हणालं" एवढ्यावर निदान होत नाही. आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) व थायरॉइडची टेस्ट झालीच पाहिजे.

आता गोळ्या. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो कारण गोळ्या दोन जातीच्या आहेत आणि पेशंटला ते कोणी धड सांगत नाही. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम या वेग कमी करतात, एएफ चालूच राहतं, फक्त ते 140 ऐवजी 85 ने चालतं. फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, सोटालॉल, अमिओडेरोन या ताल जागेवर ठेवायच्या. आईला दोन वर्षं वाटत होतं की तिची गोळी एएफ बरं करतेय, आणि ती होती वेगाची! म्हणून स्पष्ट विचारा, ही गोळी वेगासाठी की तालासाठी.

तालाच्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइड दिलं तर मृत्यू वाढतात हे 1989 मध्येच दिसलं होतं, त्यामुळे अटॅक आलेला असेल किंवा हृदय कमजोर असेल तर ती बाद. अमिओडेरोन सगळ्यात जोरकस, पण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त त्यात आयोडीन, थायरॉइड, फुप्फुस, लिव्हर सगळ्यांवर परिणाम करू शकतं, आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं. ती चालू असेल तर थायरॉइड आणि लिव्हरच्या टेस्ट दर सहा महिन्यांनी करायच्याच.

ॲब्लेशनची गोष्ट 1998 पासून सुरू होते. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हायसागेर यांच्या टीमने दाखवलं की एएफ पेटवणाऱ्या बहुतेक ठिणग्या फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असतात. मग जांघेतल्या शिरेतून वायर नेऊन त्या तोंडांभोवती जखमेचं कुंपण घालायचं, म्हणजे ठिणगी आतच अडकते. कुंपण उष्णतेने, थंडीने किंवा आता विजेच्या झटक्यांनी घालतात, त्याला पल्स्ड फील्ड म्हणतात.

समोरासमोर ठेवलं तर काय दिसतं? 2019 ची कबाना ट्रायल, 2204 पेशंट, एका बाजूला ॲब्लेशन आणि दुसऱ्या बाजूला औषधं. मृत्यू किंवा स्ट्रोकमध्ये ठाम फरक निघाला नाही, पण एएफ परत येणं कमी झालं आणि माणसं जास्त बरी वाटतंय म्हणाली. म्हणजे बहुतेकांसाठी ॲब्लेशन हे नीट जगण्यासाठी आहे, आयुष्य वाढेल या आशेवर करू नका. अपवाद ज्यांचं पंपिंग कमजोर आहे त्यांचा, 2018 च्या कॅसल-एएफ ट्रायलमध्ये अशा पेशंटमध्ये मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं दोन्ही कमी झालं. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये वर्षभरानंतर साधारण चारातले तिघं ठीक असतात, पण एएफ कायमचं मुक्कामाला आलं असेल आणि डावा वरचा कप्पा मोठा झाला असेल तर आकडा खाली येतो आणि दुसऱ्यांदा करावं लागू शकतं.

धोका आहे, लपवण्यात अर्थ नाही. जांघेत रक्त साकळणं तसं नेहमीचं, हृदयाभोवती रक्त साठणं शंभरात एखाद्याला, स्ट्रोक त्याहून कमी. आणि एक फार दुर्मिळ पण जीवघेणं, उष्णतेने अन्ननलिकेला भोक पडणं. ॲब्लेशननंतर दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असं काहीही झालं तर तडक इमर्जन्सीत जा आणि आत शिरताच सांगा की ॲब्लेशन झालंय, आणि एंडोस्कोपी करू देऊ नका, आधी सीटी. मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परत आली म्हणून फेल गेलं असं नाही. आईला तिसऱ्या आठवड्यात रात्रभर धडधडत होतं, आम्ही खचलो होतो, नंतर ते आपोआप शांत झालं.

रक्त पातळ करायच्या गोळीचा निर्णय या सगळ्यापासून वेगळा आहे, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. गुठळी डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत होते आणि मेंदूत जाते, एएफमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट. ही गोळी ठरते वय, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधीचा स्ट्रोक यांचे गुण मिळून होणाऱ्या स्ट्रोक स्कोअरवर, ताल बरा झाला का त्यावर नाही. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने सगळ्यांना घ्यावीच लागते आणि पुढेही स्कोअर जास्त असेल तर चालूच. "ॲब्लेशन केलं की रक्ताची गोळी सुटेल" एवढ्याच कारणासाठी जात असाल तर थांबा. आणि ॲस्पिरिन हा तिला पर्याय नाही.

माझं मत विचाराल तर त्रास जाणवतोय, एएफ अजून येऊन-जाऊन आहे आणि तब्येत बाकी धड आहे, तर ॲब्लेशनचं बोलणं आत्ताच काढा, तीन-चार गोळ्या फेल होईपर्यंत वाट बघू नका. 2020 च्या ईस्ट ट्रायलमध्ये निदानाच्या पहिल्या वर्षातच ताल सांभाळायला घेतलेल्यांचं पुढे चांगलं झालं, आणि त्यात बहुतेक जण गोळ्यांवरच होते, म्हणजे साधन कोणतंही असो, उशीर नको. उलट वय 80 च्या पुढे, काही जाणवत नाही, बसलेलं असताना नाडी 110 च्या खाली, तर वेगाची गोळी आणि रक्ताची गोळी यात काही कमीपणा नाही.

दारू, वाढलेलं वजन, झोपेत श्वास अडकणं, बीपी हे तसंच ठेवलं तर दोन्ही रस्ते फसतात, विशेषतः घोरणं कोणी मनावर घेत नाही.

डॉक्टरकडे जाताना हे लिहून न्या: माझं एएफ किती जुनं, डाव्या कप्प्याचा साईज किती, माझा स्ट्रोक स्कोअर किती, तुम्ही वर्षाला किती ॲब्लेशन करता, त्यातल्या किती जणांना परत करावं लागलं. आम्ही शेवटचा प्रश्न विचारायला लाजत होतो, पण डॉक्टरांनी उलट खुर्ची पुढे ओढून नीट आकडे सांगितले आणि तिथेच आईने हो म्हटलं.