राउंडक्यूब की झिंब्रा: २०२३ मधली कोणती त्रुटी जास्त घातक?
दोन्ही ब्राउझरमधून मेल वाचायची सॉफ्टवेअर. दोन्हीकडे दुखणं एकच, क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणजे हल्लेखोराचा कोड वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणं. तरी मला राउंडक्यूबचीच जास्त धास्ती वाटते. ऑक्टोबरमध्ये ‘विंटर विव्हर्न’ टोळीने युरोपातल्या सरकारी कार्यालयांना साधे दिसणारे मेल पाठवले. आत एसव्हीजी टॅगमध्ये, म्हणजे चित्रासाठीच्या कोडमध्ये, जावास्क्रिप्ट दडवलेली. मेलची सफाई करणाऱ्या कोडला ती गाळता आली नाही. मेल ब्राउझरमध्ये उघडला की स्क्रिप्ट चालू! सावध माणूसही इथे काय करणार?

झिंब्रात निदान लिंकवर क्लिक तरी करावं लागे. यूआरएलमधला ‘एसटी’ पॅरामीटर एस्केप न करताच, म्हणजे त्यातली कोडची चिन्हं निष्प्रभ न करताच, पानात उतरायचा. दुरुस्ती जेमतेम ओळभराची. पण ती ५ जुलैला गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघड झाली आणि अधिकृत पॅच आला २५ जुलैला. मधल्या काळात नवे हल्ले सुरूही झाले होते.